पंचवीस लाखांत सत्तर लाखांची गाडी: घ्यावी की लांबूनच बघावी?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

घरात आम्ही सहा जण, त्यात आई-बाबा सत्तरीच्या पुढचे. आताची गाडी पुरत नाही. बजेट पंचवीस, फार तर सव्वीस लाख. या पैशात नवं जे काही मिळतं ते सगळं बघून झालं आणि एकही मनात भरलं नाही. तेवढ्यात ओळखीच्या एजंटने २०१६ ची ऑडी क्यू७ दाखवली. तीन लिटर डिझेल, सात सीट, पांढरी, दिल्ली पासिंग, मीटरवर ६८ हजार. हे मॉडेल आलं तेव्हा शोरूमची किंमत ७२ लाखांपासून सुरू व्हायची. हा साडेचोवीस मागतोय आणि बसून बोलू म्हणतोय. याच पैशात मर्सिडीजची जीएलएस ३५०डी आणि लँड रोव्हरची डिस्कव्हरीसुद्धा जाहिरातीत दिसतात.

चालवून बघितली. खोटं कशाला बोलू, भुललो.

वापर म्हणाल तर रोजचं नाशिक, महिन्यातून एकदा-दोनदा मुंबई, वर्षातून काही वेळा समृद्धीने नागपूर. प्रश्न एवढाच की अशा गाड्या आठ-दहा वर्षांनंतर नक्की कशाने त्रास देतात? "फार खर्च येतो" हे सगळेच सांगतात. कशावर येतो ते कोणी सांगत नाही.

चहाटळ
फॉर्च्युनर घ्या. धागा संपला, घरी जा.

डिझेलदादा
पहिल्याच प्रतिसादात फॉर्च्युनर! मी तिसऱ्यावर पैज लावली होती.

मुळामुठा
फॉर्च्युनर घेतली की नगरसेवकाचं तिकीट मागावं लागतं. गोदाकाठ, तुमची तयारी आहे का?

१२_१३_चा_पाना
गोदाकाठ, मी पुण्यात याच गाड्यांचं काम करतो, म्हणून जरा लांब लिहितो. कोणा एका कंपनीला झोडपायचं नाहीये. या सगळ्यांची दुखणी एकाच जातीची आहेत.

आधी पैशाचं. दहा वर्षांत गाडी सत्तरवरून चोवीसवर आली, पण तिचे स्पेअर काही चोवीस लाखांच्या गाडीचे झाले नाहीत. ते सत्तरच्याच भावाने येतात, वर दरवर्षी महाग होतात. पहिला मालक ज्या बिलाकडे न बघता ड्रायव्हरला पैसे द्यायचा, तेच बिल आता तुमच्या हातात येणार. बाकीच्या सगळ्या तक्रारींचं मूळ इथे आहे.

क्यू७ चं तीन लिटरचं व्ही६ डिझेल मुळात दणकट आहे. पण त्याची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडणारी साखळी, इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवली आहे. चेन ताणली गेली किंवा तिला घट्ट धरणारा टेन्शनर गेला तर तिथे हात पोचायला इंजिन खाली उतरवावं लागतं. पार्ट परवडतो, मजुरी परवडत नाही. बीएमडब्ल्यूच्या जुन्या दोन लिटर एन४७ डिझेललाही चेन मागेच होती आणि ती झिजायची, जगभर गाजलेलं प्रकरण आहे.

पण दहा वर्षांच्या गाडीत मला इंजिनापेक्षा रबर, प्लास्टिक आणि वायरिंगचं काम जास्त येतं. एअर सस्पेन्शनमध्ये लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवेची रबरी पिशवी असते. आठ-दहा उन्हाळे गेले की रबराला बारीक चिरा पडतात आणि हवा झिरपायला लागते. कॉम्प्रेसर ती भरून काढायला गरजेपेक्षा जास्त वेळ चालतो, तापतो, आणि एक दिवस तोही बसतो. मग मालक येतो, नुसता कॉम्प्रेसर बदलून घेतो, चिरलेली पिशवी तशीच ठेवतो. थोड्या महिन्यांत नवा कॉम्प्रेसरही जळतो आणि तो मला चोर म्हणतो.

तपासायचं असेल तर संध्याकाळी गाडी सपाट जागी उभी करा. चाकाचा मध्य आणि वरची कमान यांच्यातलं अंतर चारही बाजूंना टेपने मोजून ठेवा. सकाळी गाडी चालू न करता परत मोजा. एखादा कोपरा खाली बसला असेल तर त्या कोपऱ्याचे पैसे किमतीतून कापा. मूळ कंपनीचा एक स्ट्रट, म्हणजे पिशवीसकट शॉक ॲब्सॉर्बर, लाखाच्या पुढे जातो.

कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. त्याच्या बाजूचं प्लास्टिक, म्हणजे थर्मोस्टॅटचं हाउसिंग, पाइपांचे जोड, हे उष्णतेने ठिसूळ होतं. पोर्शच्या पहिल्या पिढीच्या व्ही८ कायेनमध्ये इंजिनाच्या वर, मॅनिफोल्डखाली प्लास्टिकचे कूलंट पाइप होते. ते तडकायचे. मग सगळे जण ॲल्युमिनियमचे टाकून घेऊ लागले. तुमच्या गाडीत ते पाइप नाहीत, पण डब्यातलं कूलंट दर महिन्याला कमी होत असेल तर "उन्हाळा आहे" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

आणि गिअरबॉक्स. झेडएफचा आठ गिअरचा बॉक्स उत्तम आहे. गाडीच्या कंपन्या सांगतात की याचं तेल आयुष्यभर बदलायचं नाही. बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला. फिल्टर खालच्या प्लास्टिकच्या सम्पमध्येच, म्हणजे तेलाच्या भांड्यातच असतो, त्यामुळे सम्पसकट बदलावा लागतो. जुन्या मालकाला हे कोणी सांगितलेलं नसतं.

गोदाकाठ
पानाकाका, दंडवत! हेच हवं होतं. वाचनखूण साठवली.

१२_१३_चा_पाना
काका नका म्हणू हो, चाळिशीसुद्धा झाली नाही.

वैतागलेला_मालक
माझीही भर. माझ्याकडे सेकंड हँड जर्मन एसयूव्ही होती. कंपनीचं नाव

व्यवस्थापक
मध्येच तोडतोय, क्षमस्व. स्वतःच्या गाडीची किंवा कामाची तक्रार लिहिताना कंपनी, शोरूम, गॅरेज यांची नावं देऊ नका. मॉडेलच्या माहीत असलेल्या कमजोरींवर खुशाल बोला.

वैतागलेला_मालक
बरं. नाव नाही लिहीत. गाडीचं छप्पर पॅनोरॅमिक होतं, आणि घरच्या लहानग्यांनी त्यासाठीच हट्ट धरला होता. त्या काचेच्या चारही कोपऱ्यांतून पाणी खाली जायला बारीक नळ्या असतात. आमची गाडी आंब्याच्या झाडाखाली उभी राहायची. मोहोर, पानं, धूळ जाऊन नळ्या तुंबल्या. पावसाळ्यात पाणी छतातून गळलं असतं तर लगेच कळलं असतं. तसं झालं नाही. ते खांबाच्या आतून उतरून गालिच्याखाली साचलं, आणि नेमका तिथेच एक कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीचा छोटा संगणक. मग एकेक गंमत. आधी मागची काच आपोआप खाली. मग बॅटरी रात्रीतून उतरायला लागली. मग भर हायवेवर डॅशबोर्डवर इतके दिवे लागले की दिवाळीच. प्रत्येक वेळी वर्कशॉपने वेगळा पार्ट बदलला. गालिचा उचलून कोणी बघितला नाही. शेवटी उचलला तो घराजवळच्या एसीवाल्याने, वासावरून.

अंधेरी_पश्चिम
वैतागलेला, अगदी अगदी! माझ्या गाडीत बुरशीचा वास यायचा आणि आम्ही महिनोन्‌महिने एकमेकांच्या बुटांवर संशय घेत होतो.

मुळामुठा
हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

डिझेलदादा
यावर सोपा उपाय आहे. दर पावसाळ्याआधी छप्पर उघडून कोपऱ्यात अर्धा पेला पाणी ओतायचं आणि चाकामागून ते खाली पडतंय का बघायचं. नळीत काँप्रेसरची हवा मात्र जोरात मारू नका, आतला जोड निसटतो.

चहाटळ
फॉर्च्युनरला हा प्रश्नच नाही. छप्पर उघडतच नाही.

अनुजा_के
कागदांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. कर आणि हिशोब हाच माझा धंदा आहे.

दिल्ली पासिंगची २०१६ ची डिझेल इतकी स्वस्त का, हे आधी समजून घ्या. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या दिल्लीत चालवायला हरित लवादाने २०१५ मध्ये मनाई केली आणि सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. २०२५ च्या जुलैमध्ये तर अशा गाड्यांना पंपावर तेलच द्यायचं नाही असं ठरलं. ते थोड्याच दिवसांत गुंडाळावं लागलं, पुढे ऑगस्टमध्ये कोर्टानेही सक्तीची कारवाई नको म्हटलं. पण बाजाराच्या मनात भीती बसली ती बसली. दहा वर्षं भरत आली की तिथला मालक मिळेल त्या भावात गाडी बाहेर काढतो. गाडी वाईटच असेल असं नाही. पण तो भाव नाशिकच्या गाडीशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

आता इकडचा खर्च. दिल्लीच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला लागेल, तो फॉर्म २८. गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५ वर बँकेची सही. थकलेली चलनं बघा. मग नाशिकला नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर. वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला वैयक्तिक नावावर १५ टक्के, कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, पण हिशोब गाडीच्या मूळ किमतीपासून सुरू होतो, तुमच्या साडेचोवीसपासून नाही. आरटीओत जाऊन आकडा आधी काढा, मग एजंटशी बोला.

"दिल्ली नंबरवरच फिरवा, कोण विचारतंय" असा सल्ला देणारे भेटतील. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर गाडी ठेवली तर नोंदणी बदलावीच लागते.

अजून एक. विक्रेता "वर १८ टक्के जीएसटी" म्हणाला तर थांबवा. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवर सरसकट १८ टक्के झाला हे खरं, पण तो विक्रेत्याच्या नफ्यावर, पूर्ण किमतीवर नाही.

गोदाकाठ
अनुजाताई, एजंट नेमकं हेच म्हणाला होता. "जीएसटी वेगळा."

अनुजा_के
वाटलंच मला.

पाटीलबुवा_शेंद्रा
आमच्या गावात बनलेल्या गाडीला नावं ठेवताय, म्हणून दोन शब्द. क्यू७ इथे संभाजीनगरच्या शेंद्रा एमआयडीसीत जुळवली जायची. मर्सिडीज चाकणला, लँड रोव्हर २०११ पासून पुण्यात. यांची दुरुस्ती करू शकणारी माणसं महाराष्ट्रातही आहेत, ती कंपनीतून सुटून स्वतःचं गॅरेज टाकतात. अशा माणसाचा नंबर मिळाला की अर्धी लढाई जिंकली.

अवांतर: २०१० मध्ये औरंगाबादकरांनी मिळून एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, देशभर बातमी झाली होती. त्यातल्या काही अजून गावात फिरतात, काही झाडाखाली उभ्या आहेत. कोणाची कुठे उभी आहे हे इथे लिहिलं तर व्यवस्थापक मला उडवतील.

ब्रिस्टलकर
इंग्लंडमधून लिहितोय. डिस्कव्हरीचं नाव आलं म्हणून राहवलं नाही. डिस्कव्हरी ४ आणि त्या काळच्या रेंज रोव्हर स्पोर्टमधलं तीन लिटरचं डिझेल चालवायला लोण्यासारखं. पण त्याच्या क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, बेअरिंग फिरून शाफ्टच तुटण्याचं प्रमाण इतकं गाजलं की इकडे वापरलेल्या इंजिनांचा एक वेगळाच बाजार उभा राहिला. कधी होईल याचा भरवसा नाही, आधी इशारा मिळेलच असंही नाही. नंतरच्या दोन लिटर इंजेनियम डिझेलमध्ये चेन झिजणं आणि तेलात डिझेल मिसळणं ही दुखणी. त्यामुळे डिस्कव्हरी घेताना तेल किती लवकर बदललं गेलंय, हा प्रश्न पहिला.

इथे एक सोय आहे. कुठल्याही गाडीचा नंबर टाकला की दरवर्षीच्या एमओटी तपासणीचा निकाल आणि त्या दिवशीचं किलोमीटर, म्हणजे मैल, सरकारी साइटवर फुकट दिसतात. मीटर मागे फिरवणाऱ्यांची गोची होते. तुमच्याकडे असं काही आहे का?

अंधेरी_पश्चिम
आमच्याकडे एजंटची शप्पथ आहे.

१२_१३_चा_पाना
ब्रिस्टलकर, सरकारी नाही, पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चासी नंबर दिला तर जुन्या नोंदी निघतात. काही सरळ देतात, काही मालकाची परवानगी मागतात. शिवाय चांगल्या स्कॅनरने वेगवेगळे मॉड्यूल वाचले तर काहींमध्ये बिघाडाची नोंद कितव्या किलोमीटरला झाली ते दिसतं. मीटर फिरवणारा डॅशबोर्डचा आकडा बदलतो, सगळीकडचा बदलायला विसरतो. बीएमडब्ल्यूच्या तर किल्लीतही किलोमीटर साठवलेले असतात.

सांगलीकर_७२
पुराची गाडी हा मुद्दा राहिला. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर महागड्या गाड्या धुऊन-पुसून कुठे कुठे विकल्या गेल्या ते जुन्या लोकांना आठवत असेल. २०१५ चं चेन्नई, २०१९ चं आमचं सांगली-कोल्हापूर, २०२१ चं चिपळूण, दर वेळी तेच. पॉलिशने बाहेरून काही कळत नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खळग्यात माती आहे का, फ्यूजच्या टोकांवर हिरवट थर आहे का हे बघा. आणि विमा कंपनीकडे मोठ्या दाव्याची नोंद आहे का ते विचारा.

कोकणी_मामा
पूर राहू दे, उंदीर बघा आधी!

आमचा मुंबईचा पाहुणा गणपतीला गाडी घेऊन आला. भारीतली, नाव नको. वाडीत पडवीजवळ लावली. पाचव्या दिवशी निघायला बसला तर गाडी ढिम्म. बॉनेट उघडलं, आत उंदराने घरटं केलेलं, वायरी कुरतडलेल्या. कंपनीने सांगितलं की पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदलावा लागेल, मागवायला वेळ लागेल. पाहुणा दिवाळीपर्यंत एसटीने फिरला. शेवटी रत्नागिरीच्या एका इलेक्ट्रिशियनने सोल्डर करून, वर स्लीव्ह चढवून चालू करून दिली. पैसे घेतले दोन पापलेटच्या भावात.

मुळामुठा
मामा, पापलेटचा भाव काय चाललाय? म्हणजे हार्नेस स्वस्त पडेल की पापलेट ते ठरवू.

वर्षा_घाटे
उंदरांवर तंबाखूची पानं ठेवतात. माझ्या भावाने ठेवली. उंदीर आले नाहीत, पण ड्रायव्हर सारखा बॉनेट उघडायला लागला.

कोकणी_मामा
वर्षाताई, __/\__

व्यवस्थापक
विषयावर या, मंडळी.

निवांत_चालक
सगळेच घाबरवताय म्हणून माझं उलट मत. माझ्याकडे व्होल्वो एक्ससी९० आहे, डिझेल, दुसऱ्या हाताने घेतलेली, आता बरीच वर्षं झाली. टायर, ब्रेक, बॅटरी आणि ठरलेली सर्व्हिस, बाकी काही नाही. आईला चढाय-उतरायला सोपी. मागे एका आडव्या आलेल्या ट्रॉलीमुळे ठोकली गेली, सगळे आपापल्या पायांनी बाहेर आलो. हे पैशात कसं मोजणार? इथे ज्यांची गाडी बिघडली ते लिहितात. ज्यांची नीट चालते ते या क्षणी ती चालवत असतात.

वैतागलेला_मालक
निवांत, तुमच्या गाडीचा पहिला मालक कोण होता?

निवांत_चालक
डॉक्टर. माझ्याच सोसायटीतले. सगळी बिलं फाइलमध्ये लावलेली.

वैतागलेला_मालक
मग तुम्ही व्होल्वो नाही घेतली, डॉक्टर घेतलेत.

निवांत_चालक
हे मान्य.

डिझेलदादा
गोदाकाठ, बजेट थोडं ताणून नवीन मॉडेलकडे वळणार असाल तर एक लक्षात घ्या. ऑडीने बीएस६ हे धुराचे कडक नियम आल्यावर भारतात डिझेल बंदच केलं. २०२२ मध्ये क्यू७ परत आली ती पेट्रोलमध्ये. म्हणजे डिझेल क्यू७ हवी तर ती २०२० च्या आधीचीच. बाकीच्यांच्या बीएस६ डिझेलमध्ये डीपीएफ आणि ॲडब्लू आलं. ॲडब्लू म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव, डीपीएफ म्हणजे काजळी धरून ठेवणारी गाळणी. ती काजळी जाळायला गाडी गरम होऊन बराच वेळ एका वेगात चालावी लागते. पंचवटी ते कॉलेज रोड असा वापर असेल तर गाळणी भरत जाते, जाळणं अर्धवट राहतं आणि जादा डिझेल तेलात उतरतं. तुमचं महिन्याचं मुंबई आणि मधलं समृद्धी यावर उत्तम औषध आहे. शाळा-भाजी-बँक एवढाच वापर असता तर मी नको म्हटलं असतं.

शारजावासी
आमच्याकडे आखातात डिझेल एसयूव्ही क्वचित, सगळं पेट्रोल. पेट्रोल घेतलं तर हे डीपीएफ नाही, चेनचा प्रश्नही निराळा. मुलखाची धूळ आणि पन्नास अंशाला पोचणारं ऊन, तरी जुन्या लँड क्रूझर आणि लेक्सस एलएक्स खोऱ्याने चालतात. दोघींचा सांगाडा एकच.

डिझेलदादा
शारजावासी, भारतात आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. दहा वर्षांपूर्वीचं पेट्रोल इंजिन त्यासाठी बनलेलं नाही. शिवाय तीन लिटर पेट्रोल शहरात जे ॲव्हरेज देतं ते इथे लिहिलं तर वहिनी वाचतील.

अंधेरी_पश्चिम
स्पेअरसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे की! माझ्या मित्राने आरसा, दिवा, दाराचं हँडल तिथूनच आणलं, कंपनीच्या पाव भावात.

१२_१३_चा_पाना
आरसा, हँडल, बंपर खुशाल आणा. पण स्क्रीन, साउंडचा ॲम्प्लिफायर, एसीचं पॅनेल आणताना सांभाळा. ऑडीच्या गटातल्या गाड्यांत कॉम्पोनंट प्रोटेक्शन नावाचं चोरीविरोधी कुलूप असतं. दुसऱ्या गाडीतून काढलेलं मॉड्यूल तुमच्या गाडीला ओळखत नाही, कंपनीच्या सर्व्हरवरून उघडून घ्यावं लागतं. ते झालं नाही तर स्क्रीन लागते पण आवाज येत नाही. आणि कुर्ल्यात बॅटरी घेऊन घरी बसवू नका. या गाड्यांना एजीएम बॅटरी लागते आणि नवी बसवल्याचं गाडीला कोडिंगने सांगावं लागतं.

घाटवाट
एअर सस्पेन्शनची एवढी भीती कशाला? काढून टाका, साधे स्प्रिंग बसवा, सुखाने राहा. माझ्या ओळखीत दोघांनी केलंय.

१२_१३_चा_पाना
घाटवाट, मी स्वतः बसवून देतो, पण मनापासून नाही. गाडी उभी राहते, खर्च एकदाच होतो, हे बरोबर. मात्र मूळ सिस्टीम कोडिंगने नीट बंद केली नाही तर डॅशबोर्डवर दिवा कायम पेटलेला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ज्या चालीसाठी माणूस ही गाडी घेतो तीच जाते. मागच्या सीटवर आई-बाबा बसणार असतील तर मी पिशव्याच बदलेन. मूळ पुरवठादाराच्या नावाने मिळणारी पिशवी कंपनीच्या डब्यातल्यापेक्षा बरीच स्वस्त पडते.

घाटवाट
तुम्ही गॅरेजवाले पिशव्याच बदलायला सांगणार. समजू शकतो.

१२_१३_चा_पाना
स्प्रिंग बसवण्यात मला जास्त मजुरी मिळते हो.

मुळामुठा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वर्षा_घाटे
एक बाई म्हणून विचारते, विम्याचं काय? गाडी दहा वर्षांची, तिची विम्यातली किंमत पंधरा-वीस लाख धरली आणि दरवाजा ठोकला, तर किती मिळणार?

अनुजा_के
छान प्रश्न. साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबराच्या पार्टवर निम्मी घट कापली जाते, धातूच्या पार्टवर गाडीच्या वयानुसार, आणि दहा वर्षांवर ती निम्म्यावर पोचते. झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे ही घट न कापण्याची जोड, जुन्या गाडीला बऱ्याच कंपन्या देत नाहीत. म्हणजे हेडलाइट फुटला तर निम्मा तुमच्या खिशातून, आणि या गाड्यांचा हेडलाइट काय भावाचा असतो ते पानाभाऊ सांगतील. इंजिनात पाणी जाऊन ते बंद पडलं तर साध्या विम्यात ते नाहीच, इंजिनाचं वेगळं कवच लागतं.

१२_१३_चा_पाना
हेडलाइटचा भाव रात्रीच्या वेळी सांगत नाही. गोदाकाठ जेवले नसतील.

चहाटळ
फॉर्च्यु

डिझेलदादा
चहाटळ, पुरे!

चहाटळ
बरं, खरं सांगतो. माझ्याकडे फॉर्च्युनर नाही. अल्टो आहे.

गोदाकाठ
मंडळी, आठवडाभर गायब होतो, क्षमस्व. घडामोडी लिहितो.

अनुजाताईंनी सांगितलं तसं आरटीओतून कराचा अंदाज काढला. तो, एनओसीचा खर्च आणि एक जोडी टायर धरले तर दिल्लीची साडेचोवीस इथल्या नंबरच्या गाडीच्या बरोबरीला येते. म्हणजे स्वस्त अशी राहिलीच नाही.

पानाभाऊंची टेप वापरली. सकाळी मागची डावी बाजू दोन बोटं खाली होती. एजंट म्हणाला, "जमीन उतरती आहे." गाडी फिरवून उलटी लावली, तरी तीच बाजू खाली.

मग चासी नंबरवरून जुनी नोंद मागवली. २०२१ च्या सर्व्हिसला ९१ हजार किलोमीटर लिहिलेत. आज मीटरवर ६८. एजंटला विचारलं तर तो म्हणतो, "लिहिणाऱ्याची चूक असेल साहेब." मी म्हटलं, असेल. आणि निघालो.

आता दुसरी एक बघितली आहे. पुण्याची, एमएच १४, जीएलएस ३५०डी, एकच मालक, १ लाख १२ हजार चाललेली, सगळी बिलं आहेत. मागणी साडेसत्तावीस, म्हणजे बजेटच्या वर. बायको म्हणते, जास्त चाललेली आणि महाग, मग हीच का? तिला हा धागा वाचायला दिलाय. ती उंदरापर्यंत पोचली आहे.

निवांत_चालक
एक लाख बारा हजार आणि बिलं! मी असतो तर हीच घेतली असती.

वैतागलेला_मालक
मीसुद्धा, आणि हे मी म्हणतोय हे लक्षात घ्या. फक्त गालिचा उचलून बघा.

अनुजा_के
एमएच १४ आहे म्हणजे कराची कटकट नाही. मालक व्यक्ती आहे की कंपनी, तेवढं आरसीवर बघा. कंपनी असेल तर सही करणाऱ्याला तसा अधिकार दिल्याचं पत्र लागेल.

१२_१३_चा_पाना
जीएलएसला मर्सिडीजचं ओएम६४२ व्ही६ डिझेल. जुन्या एमएल-जीएलमध्ये इंजिनाच्या दोन ओळींमधल्या खाचेत ऑइल कूलर बसतो, त्याचे सील गळायचे आणि तेल मागून खाली उतरायचं. पार्ट किरकोळ, पण वरचं सगळं उतरवावं लागतं. पुढे सीलचं रबर सुधारलं, तरी लिफ्टवर घेऊन इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाशी ओलं दिसतंय का बघा. टर्बोच्या तोंडाशी तेल झिरपून खालच्या स्वर्ल मोटरवर (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या झडपा हलवणारी मोटर) पडतं, तेही तपासा. एअर सस्पेन्शन हिलाही आहे, टेप बरोबर घ्या. गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचं बिल नसेल तर किमतीत तेवढं कमी मागा. आणि पहिल्या वर्षासाठी तीन-चार लाख बाजूला ठेवा. ते नसतील तर ही गाडी तुमच्या बजेटमध्ये नाही, साडेसत्तावीसला मिळाली तरी.

पाटीलबुवा_शेंद्रा
पानाभाऊ, तुम्हीच का नाही जात बरोबर? पुण्यातच आहे की गाडी.

१२_१३_चा_पाना
जातो. गोदाकाठ, व्यक्तिगत निरोप बघा, नंबर दिलाय. रविवारी सकाळी आठला. मालकाला सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही, आदल्या रात्रीपासून उभी असू दे. बॉनेट गरम लागलं तर थंड इंजिन चालू करतानाचा चेनचा आवाज ऐकायला मिळणार नाही, परत यावं लागेल.

गोदाकाठ
निरोप मिळाला. बायको पण येतेय. टेप तिच्याकडे असेल.